बारा जणी, बारा जावा आणि एक ॲप

"तुमच्या ग्राहकांना सगळ्यात जास्त त्रास कशाचा होतो?" अजित सरांनी विचारलं.

"एकमेकींचा," मी म्हणाले.

सरांनी ते लिहून घेतलं आणि शिंकले. एकदा जे सुरू झाले ते सात वेळा शिंकले. मग सांगलीहून त्यांच्याबरोबर आलेले दोघं शिंकायला लागले. एकाचा चष्मा उडून धन्याच्या पाटीत पडला. चौथी होती नसीम. ती शिंकली नाही. तिनं ओढणी आधीच नाकावरून घट्ट बांधली होती. तिचा बाप डंक दुरुस्त करतो. डंकाजवळ कसं उभं राहायचं हे तिला लहानपणापासून माहीत आहे.

ही आमची पहिली स्टँडअप मीटिंग. सॉफ्टवेअरवाले रोज सकाळी पंधरा मिनिटं उभे राहतात आणि काल काय केलं, आज काय करणार, कुठं अडलं, एवढंच सांगतात. उभं अशासाठी, की बसलं की माणूस बोलत सुटतो. कल्पना वाईट नाही, पण ती एसीत बसून कुणाला तरी सुचलेली आहे. आमची मीटिंग चार मिनिटं झाली. उरलेली अकरा शिंकण्यात गेली.

माझा रहिमतपुरात डंक आहे. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. आमच्या भागात चटणी म्हणजे ताटात डावीकडं वाढतात ती नव्हे. मिरची, धने, खोबरं, खडा मसाला, कांदा, लसूण सगळं भाजायचं, कुटायचं आणि वर्षाला पुरेल एवढं बरणीत भरायचं, ती चटणी. भाजायचं घरी, कुटायचं डंकावर. डंक म्हणजे मोटरवर चालणारी लोखंडी मुसळं. माझ्याकडं चार आहेत. वर जातात आणि उखळात आदळतात. आवाज असा, की शेजारच्या माणसाला हाक मारायची तर ढोसावं लागतं. होळी झाली की सीझन सुरू होतो तो मे संपेपर्यंत. तेवढे दिवस मी बोलत नाही, खुणा करते. नवरा होता तेव्हा मोटर तो बघायचा. आता मोटरही मीच बघते.

इथं नंबर पिशव्यांचे लागतात. बायका सकाळी येऊन पिशवी रांगेत ठेवतात आणि कामाला जातात. पण आलेल्या नंबरानं कुटून चालत नाही. आधी हळद. मग नुसती मिरची आणि कोरडा मसाला. कांदा-लसणाचं ओलं सगळ्यात शेवटी. ओलं एकदा उखळात गेलं की ते धुऊन वाळवायला अर्धा तास जातो. घाई केली आणि हळदीला लसणाचा वास लागला, तर त्या घरातली माणसं वर्षभर मला जेवताना शिव्या घालतात. त्यामुळं पहिली आलेली पिशवी कधी शेवटी जाते. मग भांडण. "माझी पिशवी सकाळी सहाची हाय." "व्हय, पर तुझ्यात कांदा हाय." "कांदा हाय म्हणून मी काय पाप केलं?" असं दिवसभर.

हे भांडण मिटवायला ॲप करायचं ठरलं. ठरवलं नसीमच्या कंपनीनं. सांगलीतली लहान कंपनी आहे. पुण्याच्या मोठ्या साहेबानं त्यांना छोट्या धंद्यांसाठी नंबर लावायचं ॲप करायला सांगितलं होतं. त्यांनी सलूनवाल्याला विचारलं, तो नको म्हणाला. गॅरेजवाल्याला विचारलं, तोही नको म्हणाला. मग नसीमला मी आठवले. तिचा बाप बाबूभाई दर सीझनला सांगलीहून येऊन माझ्या मुसळांची झिजलेली टोकं काढून नवीन लोखंड बसवतो. चारही मुसळं सारख्या वजनाची लागतात, नाहीतर मोटर थरथरते. हे काम जमणारा दुसरा माणूस मला अजून भेटलेला नाही. म्हणून मी हो म्हणाले. संगणकाचं मला काही कौतुक नाही.

पहिल्यांदा अजित सर चाळीस पानांची फाईल घेऊन आले. तुम्हाला काय काय हवं ते सगळं आधी लिहायचं, पक्कं करायचं, मग ते सहा महिने बसून ॲप करणार आणि एकदम आणून देणार. या पद्धतीला ते वॉटरफॉल म्हणतात. पाणी वरून खाली येतं, मागं जात नाही, तसं.

"सहा महिन्यांनी दिवाळी येती," मी म्हणाले. "दिवाळीत चकल्या करतात. चटणी कोण कुटतंय?"

सरांनी फाईल मिटली. माणूस समजूतदार होता. मग त्यांनी दुसरी पद्धत काढली. दोन दोन आठवड्यांचे तुकडे करायचे, त्याला स्प्रिंट म्हणतात. प्रत्येक तुकड्याच्या शेवटी थोडं ॲप दाखवायचं, लोकांचं ऐकायचं, बदलायचं, पुढं जायचं. आधी काय आणि नंतर काय, हे एकानं ठरवायचं, तो प्रॉडक्ट ओनर.

"तो कोण?" मी विचारलं.

"तुम्ही, मावशी."

"आणि मी ठरवलेलं तुम्ही ऐकणार?"

"हो."

"मग पहिलं ठरवते. मोटर चालू असताना मीटिंग न्हाई."

त्यांचा नियम साडेनऊचा होता. कंपनीत सगळे साडेनऊला उभे राहतात. पण साडेनऊला माझ्याकडं हळदीची गर्दी असते. त्या शिंकांच्या मीटिंगनंतरही दोन दिवस त्यांनी साडेनऊलाच मीटिंग घेऊन बघितली. पहिल्या दिवशी कुणाला काही ऐकू आलं नाही, पण सगळ्यांनी माना हलवल्या. दुसऱ्या दिवशी सरांनी व्हिडिओ कॉलवरून काहीतरी विचारलं आणि इथं असलेल्या त्यांच्या कंपनीतल्या पोरानं अंगठा दाखवला. नंतर कळलं, की सरांनी "कुठं अडलंय का?" असं विचारलं होतं.

तिसऱ्या दिवशी नसीम मला म्हणाली, "मावशी, तुमच्याकडं शांतता कधी असते?"

"लाईट गेल्यावर."

"कधी जाते?"

"तिला वाटंल तवा."

तेव्हापासून लाईट गेली की मीटिंग, असं ठरलं. नसीम सीझनभर इथं तिच्या खालाकडं, म्हणजे मावशीकडं, राहायला आली. लाईट गेली की मी स्टूल ओढायची, ती फोन काढायची, सांगलीत अजित सर जिथं असतील तिथं उभे राहायचे. एकदा ते न्हाव्याच्या खुर्चीत होते. अर्धा गाल साबणाचा, तसेच उभे राहिले. सर कामाला पक्के होते, ते मी मान्य करते.

आता स्टेकहोल्डर. ज्याचं त्या कामात काही अडकलेलं आहे तो स्टेकहोल्डर. माझ्या डंकावर ती म्हणजे चटणी घेऊन येणारी बाई. सर म्हणाले, पहिल्याच तुकड्यात त्यांना बोलवा, त्यांचं ऐकू. मी बारा जणींना बोलावलं. बारा जणी आल्या आणि एक सुभेदार आले.

सुभेदार म्हणजे रिटायर झालेले फौजी. बायकोचे गुडघे दुखतात म्हणून पिशवी तेच आणतात. पिशवीत काय आहे हे त्यांना माहीत नसतं, पण रांग कशी असावी हे माहीत असतं. बायका पदर तोंडाला लावून बसल्या आणि सुभेदार पाऊण तास बोलले.

"सगळं उघड पाहिजे," ते म्हणाले. "भिंतीवर मोठा स्क्रीन लावा. नाव, गल्ली, माल काय, किती किलो, नंबर कितवा. लपवाछपवी न्हाई. आणि रजिस्ट्रेशनला ओटीपी ठेवा. शिस्त येती."

अजित सर खूश झाले. इतकं स्वच्छ सांगणारा माणूस त्यांना कुठं मिळाला नव्हता. त्यांनी बायकांना विचारलं, "तुम्हाला काय वाटतं?"

"बरोबर हाय की," बायका म्हणाल्या.

दोन आठवड्यांनी बाजाराच्या दिवशी डेमो झाला. डेमो म्हणजे केलेलं काम दाखवणं. भिंतीवर स्क्रीन लागला. नसीमनं सगळं समजावून सांगितलं. बायकांनी तिला चहा दिला, एकीनं शेंगा दिल्या, एकीनं लग्न कधी करणार ते विचारलं. मग नसीमनं विचारलं, "ॲप कसं वाटलं?"

"लय भारी."

"काही अडचण?"

"छे, अडचण कसली?"

"काही बदलायला हवं?"

"काय बी नगं. किती कष्ट घेतलंस बाई."

कमल नावाची आमच्या गल्लीतली बाई आहे, जिभेनं धारदार. तीसुद्धा म्हणाली, "छान हाय." तेव्हा मला कळायला हवं होतं. कमल कशालाही छान म्हणत नाही.

अजित सरांनी पुण्याला कळवलं, शंभर टक्के पसंती. दुसऱ्या दिवशी ॲप सुरू झालं. पहिल्या दिवशी एकच नंबर लागला, तो सुभेदारांचा. दुसऱ्या दिवशीही तोच. बाकी बायका पहिल्यासारख्या पिशव्या घेऊन आल्या आणि पहिल्यासारख्या भांडल्या. स्क्रीनवर दिवसभर एकच नाव. सुभेदार त्याच्यासमोर खुर्ची टाकून बसायचे.

आठवड्यानं अजित सर स्वतः आले. चेहरा उतरलेला. लाईट होती, तरी मी मोटर बंद केली.

"पुण्याचे साहेब म्हणतात, पुढच्या महिन्यातल्या शेवटच्या बाजाराचा एक अख्खा दिवस ॲपवर चालवून दाखवा. सगळे नंबर ॲपवरचे. नाहीतर प्रोजेक्ट बंद. नसीमला बेंगळुरूच्या टीममध्ये जावं लागेल."

नसीमला जायचं नव्हतं. बाबूभाईंना ती एकच लेक. ती गेली तर वर्कशॉपचं शटर ओढून तेही तिच्यामागं जाणार, हे त्यांनी मला आधीच सांगून ठेवलं होतं. म्हणजे नसीम बेंगळुरूला, बाबूभाई बेंगळुरूला आणि माझी मुसळं इथं, बोथट. मी विचार करायला लागले.

सर गेल्यावर नसीम म्हणाली, "मावशी, मी प्रत्येकीला परत विचारलं. सगळ्या म्हणतात छान आहे. मग वापरत का नाहीत?"

"तू पावणी हायस," मी म्हणाले. "पावणीनं केलेली भाजी खारट झाली तर कोण सांगतंय? ताटातली संपवायची आणि परत घ्यायची न्हाई. त्या तेच करतात."

"मग खरं कसं कळणार?"

"बस इथं. लिहायचं न्हाई. फोन पदराखाली ठेव."

"माझ्याकडं पदर नाही."

"मग ओढणीखाली ठेव."

तेवढ्यात कमल मिरची घेऊन आली. मी मोटर बंद ठेवली आणि तिला म्हणाले, "कमल, तुझं राहू दे. तू हुशार हायस, तुला जमंल. पर तुझ्या जावंला जमंल का गं हे ॲप?"

कमलनं पिशवी खाली ठेवली. बूड टेकलं.

"तिला? आवं आक्का, तिला काय जमतंय! फोन तिच्या हातात, पर सिम नवऱ्याच्या दुसऱ्या फोनात. ओटीपी जाणार त्याला. त्यो कंपनीत, फोन गेटवर कुलपात. संध्याकाळी घरी आला की ओटीपी सांगणार. तवर चटणीला कीड लागंल."

"आणि?"

"आणि ती किलो खरं सांगंल व्हय? घरात सांगणार चार, कुटणार सात. तीन किलो माहेरी जात्यात तिची. आता तुमी भिंतीवर लावलंय, नाव आन् किलो. सासू बाजाराला येती तवा हितनंच जाती. कसं लावंल ती नंबर?"

नसीमची ओढणी हलली.

कमल अर्धा तास बोलली. जावेला वाचायला चष्मा लागतो पण ती लावत नाही. जावेला "ओलं" का "कोरडं" विचारलं तर ती कोरडं सांगते आणि कांदा तळाला लपवते, नंबर लवकर लागावा म्हणून. पुढं कोण आहे ते स्क्रीनवर बघून जाऊ सगळ्या गल्लीला सांगते. सगळं जावेचं.

दुपारी कमलची जाऊ सुमन आली. मी म्हणाले, "सुमन, तुझं राहू दे. कमलला जमंल का हे?"

"कमलताईला?" सुमननं आधी इकडंतिकडं बघितलं. "आवं, तिचं सिम भाऊजींच्या फोनात…"

तेच. किलो, माहेर, सासू, चष्मा, तळातला कांदा. एक अक्षर इकडचं तिकडं नाही. फक्त सुमनच्या मते कमल माहेरी तीन नाही, चार किलो पाठवते.

आठ दिवसांत आम्ही बाराही जणींना त्यांच्या जावांबद्दल विचारलं. एकीला जाऊ नव्हती. एकुलता एक नवरा. ती म्हणाली, "मला न्हाई जाऊ."

"नणंद?"

"नणंद लय चांगली हाय."

आता आली का पंचाईत. नणंद चांगली म्हटल्यावर तिच्याकडून काही निघेना. शेवटी मी तिला माझी जाऊ उसनी दिली. माझी जाऊ वारून दहा वर्षं झाली, पण त्या बाईला ते माहीत नव्हतं. उसन्या जावेनं आम्हाला दोन चांगल्या अडचणी दिल्या. एक म्हणजे, ॲपवरची बाई शुद्ध पुस्तकी बोलते, तिची भीती वाटते. दुसरी म्हणजे, नंबर आल्याचा मेसेज येतो, पण मेसेज वाचायला हात कोरडे कुठं असतात?

सुभेदारांनाही विचारलं. "तुमचं राहू द्या. सुभेदारीणबाईंना काय अडचण येईल?"

"तिला काही अडचण नाही," सुभेदार म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सुभेदारीणबाई गुडघे धरत स्वतः आल्या. म्हणाल्या, "आक्का, ह्यांच्यामुळं गल्लीतल्या बायका माझ्याशी बोलंनात. तो टीव्ही काढा भिंतीवरचा."

सॉफ्टवेअरवाले प्रत्येक गरज एका ठरलेल्या वाक्यात लिहितात. 'वापरणारी म्हणून मला असं असं हवं, म्हणजे माझं असं असं होईल.' एवढं एका चिठ्ठीवर लिहायचं आणि भिंतीला चिकटवायचं. नसीमनं स्क्रीन काढून त्या जागी चिठ्ठ्या चिकटवल्या. लाईट गेली, मीटिंग लागली, अजित सरांनी फोनमधून भिंत बघितली आणि वाचायला लागले.

"जाऊ म्हणून मला असं हवं, की माझे किलो कुणाला दिसू नयेत. जाऊ म्हणून मला असं हवं, की ओटीपी नको. जाऊ म्हणून… नसीम, ही जाऊ कोण?"

"स्टेकहोल्डर आहे, सर."

"एकच?"

"बारा आहेत. पण एकसारख्याच आहेत."

सरांनी चिठ्ठ्या परत एकदा वाचल्या. मग म्हणाले, "पण आपली पद्धत अशी नाही. युजरला थेट विचारायचं असतं."

"विचारलं की," मी म्हणाले. "तुमच्या पद्धतीनं शंभर टक्के पसंती आली. ती घेऊन सुभेदार बसलेत एकटे."

सरांनी चिठ्ठ्यांना मान्यता दिली. त्या दोन आठवड्यांत नसीमनं सगळं उलटं केलं. नाव गेलं, गल्ली गेली, किलो गेले. राहिल्या फक्त पिशव्या, लहान आणि मोठी. हळद, कोरडं, ओलं अशा तीन वेगळ्या रांगा. ओल्यासाठी वेगळी वेळ, म्हणजे कांदा लपवायचं कारणच नाही. ओटीपी गेला. बाई सांगेल त्या फोनला, शेजारणीचा असो नाहीतर पोरीचा, नंबर जवळ आला की दोन रिंगा वाजणार. उचलायचं नाही, वाचायचं नाही. दोन रिंगा म्हणजे घरातनं निघा. कुणाची पिशवी कुठली, हे फक्त माझ्या फोनवर. ॲपमधून बोलायला नसीमनं माझाच आवाज भरला. "ओलं हाय का कोरडं? खरं सांग." एवढंच वाक्य. खोटं सांगणाऱ्या बायका एका दिवसात निम्म्या झाल्या.

स्प्रिंट संपली की हे लोक आणखी एक मीटिंग करतात. त्यात काय चांगलं झालं, काय वाईट झालं, ते आपसांत सांगायचं. सांगलीहून सगळे आले. प्रत्येकानं चांगलंच सांगितलं. टीम चांगली, सर चांगले, चहा चांगला. मी ऐकलं थोडा वेळ. मग अजित सरांना म्हणाले, "सर, तुमचं राहू द्या. पुण्याच्या तुमच्या सायबाला ह्यातलं काय जमलं नसतं?"

सरांनी कपबशी खाली ठेवली. बूड टेकलं. अगदी कमलसारखं.

"त्यांना? मावशी, ते आजपर्यंत एकाही दुकानात गेलेले नाहीत. त्यांच्या स्क्रीनवर फक्त दोन आकडे येतात, किती नंबर लागले आणि किती रद्द झाले. त्या दिवशी एक जरी रद्द दिसला तरी ते फाईल बंद करतील. का रद्द झाला, हे विचारणारसुद्धा नाहीत."

वीस मिनिटं बोलले. नंतर पाणी प्यायले आणि म्हणाले, "हे रेकॉर्ड तर होत नाही ना?"

पण त्यातून कामाचं कळलं. त्या दिवशी नुसते नंबर ॲपवर असून भागणार नव्हतं. एकही रद्द होता कामा नये.

तो बाजाराचा दिवस आला. सकाळी हळद झाली. रिंगा वाजत होत्या, बायका वेळेवर येत होत्या, पिशवी देत होत्या, घेऊन जात होत्या. रांग अशी नव्हतीच. सुभेदार येऊन उभे राहिले आणि कुठं उभं राहावं ते कळेना म्हणून परत गेले. दुपारपर्यंत कोरडं संपलं. अजित सर कोपऱ्यात टॅब घेऊन, नाकाला दोन रुमाल बांधून बसले होते. नसीम माझ्या शेजारी. चार वाजता ओलं सुरू झालं. शेवटचे दोन नंबर राहिले.

आधी कमल आली. मोठी पिशवी, वर टॉवेल झाकलेला. तिच्यामागं दोन मिनिटांनी सुमन आली. मोठी पिशवी, वर टॉवेल झाकलेला.

ॲपवर नावं नव्हती. त्यामुळं दुसरीचा नंबर कितवा ते दोघींनाही माहीत नव्हतं. कमलला वाटलं होतं, सुमन आज शिवणाच्या क्लासला गेली. सुमनला वाटलं होतं, कमल पोराचे दात दाखवायला साताऱ्याला गेली. दोघींनी बरोबर दुसरी घरात नसेल तीच वेळ धरली होती.

"ही पिशवी माझी न्हाई," कमल म्हणाली. तिला कुणी विचारलं नव्हतं. "पारूताईची हाय. त्यांनी दिली कुटायला."

"माझीबी पारूताईची हाय," सुमन म्हणाली.

पारूताई आमच्याच गल्लीतल्या, घरात माणसं दोन. दोघांनाही तिखट चालत नाही.

दोघींनी आपापल्या पिशवीवरचा टॉवेल नीट केला. मग कमल म्हणाली, "आक्का, माझा नंबर रद्द करा. मी उद्या येते."

"माझाबी करा," सुमन म्हणाली.

कोपऱ्यात अजित सर उभे राहिले. रुमालावरचे तेवढे डोळे दिसत होते, ते मोठे झाले. नसीमनं माझा हात धरला. मी हात सोडवून घेतला. मला मोटरचा खटका बंद करायचा होता.

"कमल," मी म्हणाले, "तुझी जाऊ घरी जाऊन सासूला सांगंल का?"

"सांगंलच की. वेशीपासनं ओरडत जाईल."

"सुमन, तुझी?"

"ती तर फोन करंल हितनंच."

"बरं. मग आत्ता दोघी माघारी गेलात, तर दोघींच्या पिशव्या एकमेकींनी बघितल्यात. उद्या एकीनं कुटली की दुसरी सांगणार. मग कुणाचीच चटणी माहेरी जात न्हाई. आज दोघींनी कुटून नेली, तर एकीनं तोंड उघडलं की दुसरीचं उघडणार. मग कुणीच उघडत न्हाई. कसं?"

दोघी हिशेब करत उभ्या राहिल्या. कमलनं आधी मान डोलावली.

"तिची आधी कुटा," ती म्हणाली.

"नगं," सुमन म्हणाली. "तिची आधी."

जिची आधी कुटली जाईल तिचं नाव दुसरी सांगणार आणि आपली पिशवी तशीच माघारी नेणार, अशी दोघींना भीती. हे मी चाळीस वर्षं बघते आहे. मी दोन उखळं मोकळी केली आणि दोघींची चटणी एकदम लावली. मोटर सुरू केली. दोघी समोरासमोर बसल्या. दोन्ही उखळांत सारखीच मिरची घातली होती, सारखंच खोबरं, सारखाच लसूण. एकाच सासूनं शिकवलेली चटणी. अर्ध्यात कमल वाकून सुमनला काहीतरी म्हणाली. आवाजात मला ऐकू आलं नाही, पण सुमन हसली आणि तिनं आपल्या पुडीतल्या चार लवंगा कमलच्या उखळात टाकल्या.

सहा वाजता मोटर बंद झाली. सत्तावीस नंबर. रद्द एकही नाही.

पुण्याच्या साहेबानं फाईल बंद केली नाही. नसीम सांगलीतच राहिली. बाबूभाई आले, मुसळांची टोकं बसवली, चारही सारख्या वजनाची. अजित सरांनी आमच्या पद्धतीवर मोठ्या हॉलमध्ये भाषण केलं. जावेला विचारायच्या युक्तीला त्यांनी इंग्रजीत लांबलचक नाव दिलं. नसीमनं मला ते तीनदा म्हणून दाखवलं. मला ते येत नाही आणि त्याचं काही अडतही नाही.

आता लोक विचारतात, ॲप आल्यावर बायकांची भांडणं थांबली का? नाही थांबली. कमल आणि सुमन आजही भांडतात, फक्त घरी भांडतात. पारूताईंना दोघी 'तिची पिशवी तुमची कशी?' म्हणून जाब विचारतात, त्या बिचाऱ्यांना कशाबद्दल ते कळत नाही. पण माझ्या डंकावर कुणी भांडत नाही. अडचण सुटते असं काही नसतं, ती एकाच्या दारातून उठून दुसऱ्याच्या दारात जाऊन बसते. ॲप ज्याचं असतं त्याच्या दारातून उठली, की लोक म्हणतात प्रोजेक्ट यशस्वी झाला.